शून्य असलं तरी हजेरी लावा



गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, ईद ३१ मार्चला झाली. त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ घरी आला. मी सातवीच्या वार्षिक परीक्षेचे बैठक क्रमांक लिहीत बसले होते. त्याने चहाला नको म्हटलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे. जरा वेळाने म्हणाला, "आपा, तुझ्या ओळखीचा कोणी वकील आहे का?"

भावाचं दुकान छोटं आहे. शिलाईची चार मशीन, एक कारागीर आणि तो स्वतः. शाळेची दप्तरं, टिफिनच्या पिशव्या, ट्रॅव्हल बॅगा शिवतो. २०१८ साली एका शाळेने तीनशे दप्तरांची ऑर्डर देताना जीएसटीचं बिल मागितलं, म्हणून त्याने नंबर काढला. खरं तर त्याची वर्षाची विक्री इतकी कमी होती की नंबर काढणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. पण ऑर्डर हवी होती. एका कर सल्लागाराने दोन दिवसांत काम करून दिलं आणि भावाने नंबर पाटीवर रंगवून घेतला. अब्बांना त्या पाटीचा फार अभिमान होता.

आता पुन्हा तशीच तीनशे दप्तरांची ऑर्डर आली होती. भावाने दरपत्रक दिलं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या लेखनिकाचा फोन आला, "तुमचा नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द दाखवतोय. असं बिल आम्हाला चालणार नाही."

"तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"रद्द झाला ते माहीत नव्हतं," तो म्हणाला. "भरलं नाही, ते माहीत होतं."

मग त्याने खिशातून बिलबुकाचा एक फाटका कागद काढला. त्यावर त्याने दंडाचा हिशेब मांडला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की रिटर्न चुकलं की रोजचे २०० रुपये. चार तिमाहींची रिटर्नं राहिली होती. पहिल्याला ३५० दिवस होऊन गेलेले, दुसऱ्याला अडीचशेच्या वर, तिसऱ्याला दीडशेच्या वर आणि चौथ्याला अडीच महिने. सगळे दिवस मिळून पावणेनऊशेच्या आसपास, गुणिले २००. खाली आकडा होता पावणेदोन लाख. त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

हा कागद तो महिनाभर खिशात घेऊन फिरत होता. बायकोला सांगितलं नव्हतं, अम्मीला सांगायचा प्रश्नच नव्हता. रमजानच्या पूर्ण महिन्यात तो मशिदीतून घरी आला की गप्प का असायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

मी शिक्षिका. आमचा कर पगारातूनच कापला जातो, त्यामुळे यातलं मला काही कळत नव्हतं. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कर सल्लागाराचं काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, आधी घाबरू नका. उद्या त्यांना घेऊन या. बिलबुक, खरेदीची बिलं, बँकेचं पासबुक, सगळं आणा." या महिन्याचा लेख त्या दिवसापासून पुढे मी जे शिकले, त्याबद्दल आहे. आपल्या घराघरांत शिलाई, बेकरी, फॅब्रिकेशन, मटणाचं दुकान, मेहंदी, डबे असे व्यवसाय आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ माझ्या भावाचा नाही.

भीतीचा हिशेब आणि खरा हिशेब

पोर्टल उघडायलाच आधी अडचण आली. नंबर काढताना आधीच्या सल्लागाराने स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ईमेल नोंदवला होता. २०२४ च्या सुरुवातीला त्याची फी थकली, दोघांत बोलाचाली झाली आणि त्याने काम सोडलं. त्यानंतर आलेली प्रत्येक सूचना त्याच्या फोनवर जात राहिली. तो आमचा दोष होता, त्याचा एकट्याचा नव्हे. सात वर्षांत भावाने एकदाही विचारलं नव्हतं की पासवर्ड कुठे आहे.

यावर उपाय आहे. ज्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आपला नंबर येतो, त्याच्या कार्यालयात मालकाने ओळखपत्र आणि व्यवसायाचे कागद घेऊन अर्ज केला की ईमेल आणि मोबाइल बदलून मिळतो. भाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. दुपारपर्यंत थांबावं लागलं, पण काम झालं.

पोर्टलवर सूचना आणि आदेश असा एक विभाग असतो. त्यात रिटर्न न भरल्याबद्दल १५ दिवसांची मुदत देणाऱ्या सूचना पडून होत्या. मग नंबर रद्द का करू नये अशी कारणे दाखवा नोटीस. तिला ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्या मुदतीत सगळी रिटर्नं भरली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आणि शेवटी ११ फेब्रुवारीचा आदेश, नंबर डिसेंबरअखेरपासून रद्द. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरली जाते. "मला मिळालीच नाही" हे उत्तर सहसा टिकत नाही.

मग विद्यार्थिनीने भावाचा तो फाटका कागद हातात घेतला आणि हसली. "चाचा, हा दर जुना आहे." (माझ्या भावाला ती चाचा म्हणते.) १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा रोजचे २०० रुपये हा धाक खरा होता. पुढे तो कमी झाला. व्यवहार असलेल्या रिटर्नला रोज ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर रोज २०. आणि २०२१ पासून त्यालाही कमाल मर्यादा आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला एका रिटर्नमागे जास्तीत जास्त २,००० रुपये आणि शून्य रिटर्न असेल तर जास्तीत जास्त ५००. म्हणजे व्यवहाराच्या रिटर्नचा विलंब आकार चाळिसाव्या दिवशी थांबतो, शून्याचा पंचविसाव्या दिवशी.

भावाच्या चारपैकी दोन तिमाहींत विक्री होती, दोन शून्य होत्या. दोनदा २,००० आणि दोनदा ५००. एकूण ५,००० रुपये. पावणेदोन लाख नव्हे.

भाऊ काही बोलला नाही. खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पण फुकट काहीच सुटलं नाही

कोणी असं समजू नये की पाच हजारांत सगळं भागलं. विलंब आकार थांबतो, पण व्याज थांबत नाही. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं, कर भरेपर्यंत. ते तीन हजारांच्या आसपास गेलं.

सगळ्यात जास्त लागलं ते वजावटीचं. भाऊ कापड, चेन, बक्कल विकत घेताना त्यावर जीएसटी देतो. तो स्वतःच्या करातून वजा करता येतो. पण या वजावटीला मुदत आहे. एका आर्थिक वर्षातल्या खरेदीची वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या रिटर्नमध्ये घ्यावी लागते. जानेवारी ते मार्च २०२४ च्या खरेदीची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली होती. त्या तिमाहीत विक्रीवरचा कर ९,७२० रुपये होता. खरेदीवर त्याने ४,३०० रुपये कर भरलेला होता, बिलं हातात होती, पण उपयोग शून्य. पूर्ण ९,७२० रोख भरावे लागले. एप्रिल ते जूनच्या तिमाहीची मुदत शिल्लक होती, म्हणून तिथे वजावट मिळून ८,८०० रुपयांवर भागलं.

सगळं मिळून साडेसव्वीस हजारांच्या आसपास. त्यातला बराचसा कर हा वेळेवर भरला असता तरी भरावाच लागला असता. निव्वळ उशिराची किंमत मोजली तर पाच हजार आकार, तीन हजार व्याज आणि बुडालेली चार हजारांवरची वजावट.

इथे एक गोष्ट लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. भाऊच म्हणाला, लिही. जून २०२४ पर्यंतची दप्तरं विकली गेली, पैसे आले, गिऱ्हाइकांनी बिलावर कर दिला. तो कर २२ जुलैपर्यंत भरायचा होता. त्याच आठवड्यात अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेच्या एका इस्पितळात आधी अनामत मागितली. हाताशी होते ते पैसे भावाने भरले, त्यात कराचेही होते. पुढचे चार महिने दुकान बंदच राहिलं. नोव्हेंबरमध्ये अब्बांचा इंतकाल झाला.

त्या वेळी मीही तेच केलं असतं. जीव वाचवायचा होता. पण भाऊ स्वतःच म्हणाला ते मला पटलं. "आपा, ते पैसे माझे नव्हते. गिऱ्हाइकाने सरकारला द्यायला माझ्याकडे ठेवले होते." आपण ज्याला अमानत म्हणतो, ती हीच. अडचणीत ती वापरली गेली तर दडवून न ठेवता परत करायची सोय बघायची. त्याने नाइलाजाने पैसे वापरले, ही त्याची मजबुरी. पण त्यानंतर नऊ महिने त्या विषयाकडे पाठ फिरवली, ही चूक.

शून्यही कळवावं लागतं

जुलै ते डिसेंबर २०२४ दुकानाला कुलूप होतं. भावाला वाटलं, विक्रीच नाही तर भरायचं काय? नेमकी इथेच बहुतेक लहान दुकानदारांची फसगत होते.

मी त्याला शाळेचं उदाहरण दिलं. एखादं मूल परीक्षेला येतं, पेपर कोरा देतं, त्याला शून्य गुण मिळतात. दुसरं मूल येतच नाही. गुणपत्रकावर पहिल्यासमोर ० लिहितात, दुसऱ्यासमोर 'अनुपस्थित'. दोन्ही सारखं नाही. कायद्याला तुमच्या शून्याची तक्रार नाही, तुमच्या गैरहजेरीची आहे. शटर खाली ओढलं म्हणजे व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने बंद होत नाही. नंबर चालू आहे तोवर दर वेळी "या वेळी काही नाही" असं कळवावंच लागतं.

आणि हे कळवणं किती सोपं आहे! शून्य रिटर्न साध्या एसएमएसने १४४०९ या क्रमांकावर भरता येतं. संगणक नको, सल्लागार नको. पण त्यासाठी नोंदवलेला मोबाइल तुमचा स्वतःचा हवा. पुन्हा गाडी तिथेच येते.

नंबर परत कसा मिळाला

रद्द झालेला नंबर पुन्हा चालू करण्यासाठी आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. आम्ही पोर्टल उघडलं तेव्हा महिनाभर शिल्लक होता. भाऊ अजून महिनाभर तो कागद खिशात घेऊन फिरला असता तर? ९० दिवसांनंतरही वरिष्ठ अधिकाऱ्याकडून पुढच्या १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून घेता येते, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि ते त्यांना पटावं लागतं.

क्रम असा होता. आधी राहिलेली सगळी रिटर्नं, कर, व्याज आणि विलंब आकारासह. मग अर्ज. अर्जात कारण खरं लिहिलं. अब्बांच्या इस्पितळाचे कागद आणि मृत्यूचा दाखला जोडला. विद्यार्थिनी म्हणाली, "गोष्ट रचायची गरज नाही, जे झालं ते तारखांसह लिहा." मे महिन्यात नंबर पुन्हा चालू झाल्याचा आदेश आला. त्यानंतर ३० दिवसांत मधल्या काळातलं, म्हणजे जानेवारी ते मार्चचं रिटर्न भरायचं होतं, तेही भरलं. पैशांसाठी भाभीने स्वतःहून बांगडी काढून दिली होती. ती गहाण पडण्याआधी मी माझ्या बचतीतून दिले. अल्हमदुलिल्लाह, शाळा उघडायच्या आत दप्तरं पोचली आणि माझे पैसेही परत आले.

तुमच्या घरी असं काही असेल तर

वाचक भगिनी-बंधूंनो, या लेखाचा हा भाग कापून ठेवलात तरी चालेल.

पहिलं, पोर्टल आजच उघडा. लॉगिन नसलं तरी पोर्टलवर नंबर टाकून तो चालू आहे की रद्द, हे कोणालाही पाहता येतं. मोबाइल आणि ईमेल दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदलून घ्या.

दुसरं, राहिलेल्या रिटर्नची यादी करा आणि सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करा. मागचं भरल्याशिवाय पुढचं भरता येत नाही. देय तारखेपासून ३ वर्षं उलटली की ते रिटर्न पोर्टल घेतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, कधीतरी अभय योजना येईल म्हणून थांबू नका. २०२३ मध्ये अशी सवलत ऑगस्टअखेरपर्यंत होती. पण पुढची कधी येईल आणि त्यात तुमचं प्रकरण बसेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. व्याज मात्र रोज चढतं.

चौथं, व्यवसाय खरंच बंद केला असेल तर नंबर रद्द करण्याचा अर्ज स्वतः करा. रद्द झाल्यावर ३ महिन्यांत शेवटचं रिटर्न भरायचं असतं, शिल्लक मालाच्या हिशेबासह. बरेच जण हेच विसरतात आणि दुकान बंद होऊन वर्षानंतर नोटीस येते.

पाचवं, जीएसटीच्या नादात बाकीचं विसरू नका. आपल्या राज्यात जीएसटी नंबर असलेल्या व्यावसायिकाला व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरावे लागतात. हे अनेकांना ठाऊकच नसतं. प्राप्तिकराचं विवरणपत्र वेगळं. ते वेळेत राहिलं तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर ते शुल्क १,००० रुपये आहे.

सहावं, गरज नसताना नंबर काढू नका. नुसता मालाचा व्यापार असेल तर साधारणपणे वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा असेल तर २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. आपल्या राज्याबाहेर माल विकणं असे काही अपवाद आहेत, ते विचारून घ्या. ज्यांना नंबर हवाच आहे पण पसारा नको, त्यांच्यासाठी कंपोझिशन योजना आहे. वस्तू बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्याला १ टक्का कर, दर तिमाहीला एक भरणा आणि वर्षातून एक रिटर्न. पण त्यात वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा करही घेता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक मोठी संस्था असेल तर आधी त्यांना विचारा. आणि एकदा नंबर घेतला, मग तो सक्तीने घेतलेला असो की हौसेने, हजेरी सारखीच लावावी लागते.

घरात सांगा

कागदोपत्री सगळं मिटल्यावर मी भावाला एकच विचारलं, "घरात का नाही सांगितलंस?"

म्हणाला, "अब्बांच्या पाटीवरचा नंबर होता तो. तो गेला असं अम्मीला कोणत्या तोंडाने सांगू?"

आपल्या घरांतला कर्ता पुरुष कर्जाचं, थकबाकीचं, नोटिशीचं ओझं एकटाच वाहतो. त्याला वाटतं, सांगितलं तर इज्जत जाईल. नोटीस न उघडता कपाटात ठेवली की तेवढ्यापुरती ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. पण मुदतीचा एकेक दिवस आत बसून संपत असतो. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, साक्षीदारांसह. मी वर्गात ती समजावताना नेहमी कर्जाबद्दल बोलायचे. आता वाटतं, घरातल्या घरात कागद उघडे असावेत, दुसऱ्या माणसाला ते माहीत असावेत, हाही धडा त्यातून घेता येईल.

आता भावाच्या दुकानात मशीनशेजारी भिंतीवर एक वही टांगलेली असते. पहिल्या पानावर चार तारखा आहेत, २२ एप्रिल, २२ जुलै, २२ ऑक्टोबर, २२ जानेवारी. रिटर्न भरलं की भाभी तिथे सही करते. पासवर्ड तिलाही माहीत आहे. गिऱ्हाइकाने दिलेला कर एका वेगळ्या बचत खात्यात जातो आणि त्या पासबुकावर भावाने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, 'अमानत'.

मागच्या तिमाहीत पावसामुळे काम थंड होतं. वहीत भाभीच्या सहीशेजारी एवढंच लिहिलं होतं, "विक्री कमी. रिटर्न भरलं."